वाद, जल्प आणि काशीचे मराठी पंडित

काशीस नारद घाटावरून पांडे घाटाच्या दिशेने निघाले, म्हणजे वाटेत एक भक्कम दगडी घाट लागतो. आज त्यास राजाघाट म्हणतात. जुन्या लेखांत त्याचे नाव अमृतराव घाट असे आढळते. त्याचा शेजारही मोठा मार्मिक आहे. नारद घाटावर नवराबायकोने जोडीने स्नान केले तर घरी भांडण लागते, अशी काशीकरांची समजूत आहे. म्हणून तेथे जोडपी सहसा उतरत नाहीत. कलहप्रिय देवर्षीच्या पायाशी मराठ्यांच्या एका राजपुरुषाने आपला घाट बांधावा, आणि काशीच्या ज्या मराठी विद्वत्समाजाला त्याच्यासारख्या यजमानांचा आश्रय होता त्या समाजाने वादविद्येत सर्व भारतात नाव मिळवावे, हा योगायोग खरा. पण तो विसरण्याजोगा नाही.

अमृतराव हे राघोबादादांचे दत्तक पुत्र, म्हणजे दुसऱ्या बाजीरावाचे वडील बंधू. १८०२ च्या ऑक्टोबरात यशवंतराव होळकराने पुण्याजवळ शिंदे व पेशवे यांच्या फौजांचा पराभव केला, बाजीराव वसईकडे गेला, आणि पुण्याचा कारभार काही महिने अमृतरावांकडे आला. त्यांचे पुत्र विनायकराव यांना गादीवर बसविण्याचा घाट घातला गेला. वसईच्या तहानंतर १८०३ मध्ये इंग्रजांनी बाजीरावास परत आणून बसविले, तेव्हा अमृतरावांनी सालीना सात लक्ष रुपयांची नेमणूक पत्करली आणि पुढे ते काशीस येऊन राहिले. राज्य गेले, पण राजाचा दानधर्म गेला नाही. १८२४ च्या सप्टेंबरात कलकत्त्याचा बिशप हेबर काशीस आला होता. अमृतरावांच्या वार्षिक दानाची हकीकत त्याने आपल्या प्रवासवृत्तात नोंदविली आहे. भोवती भिंत असलेला मोठा बाग, त्याला चार दरवाजे, निरनिराळ्या याचकांसाठी निरनिराळा दरवाजा. आणि एकदा दान घेतलेला मनुष्य दिवसभर आतच राहावयाचा, म्हणजे तो पुन्हा रांगेत उभा राहू नये. पुण्याच्या लोकांना ही रीत नवी नाही. पर्वतीच्या पायथ्याशी श्रावणमासात दक्षिणेसाठी जो रमणा भरत असे, त्याचीच ही गंगाकाठची प्रतिकृती होय. हेबर काशीत होता त्याच सुमारास अमृतरावांचे निधन झाले.

दान आणि वाद यांचा संबंध काय, असे कोणी विचारील. तो फार जवळचा आहे. रमण्यात सर्वांस सारखे मिळे. परंतु ज्याची विद्या मोठी त्याची दक्षिणा मोठी, हा नियमही पेशवाईत होता, आणि विद्या मोठी की लहान हे ठरविण्याचे साधन परीक्षा किंवा सभेतील शास्त्रार्थ हेच होते. काशीच्या पंडिताचे घर बऱ्याच अंशी त्याच्या जिभेवर चाले. अशा ठिकाणी भाषणाचे व युक्तिवादाचे शास्त्र सूक्ष्म न होईल तरच नवल.

मराठी माणसे या नगरीत अमृतरावांच्या पुष्कळ आधी आली होती. सोळाव्या शतकात पैठणचे रामेश्वरभट्ट येथे स्थायिक झाले. त्यांचे पुत्र नारायणभट्ट यांनी विश्वनाथाच्या देवळाचा जीर्णोद्धार करविला. त्याच वंशातील कमलाकरभट्टांनी १६१२ मध्ये ‘निर्णयसिंधु’ पुरा केला, आणि गागाभट्टांनी १६७४ मध्ये रायगडावर शिवछत्रपतींचा राज्याभिषेक केला. गागाभट्टांपुढे असलेला प्रश्न मुळात वादाचाच होता. क्षत्रियत्वाचा पुरावा काय, लोपलेला संस्कार पुन्हा करता येतो काय, या प्रतिज्ञांवर एका राज्याची धर्ममान्यता अवलंबून होती. युक्तिवाद हा रिकामपणाचा खेळ नव्हे, हे यावरून ध्यानी यावे.

आता या विद्येचे स्वरूप. गौतमाच्या न्यायसूत्रांनी चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत: वाद, जल्प आणि वितंडा. सत्य काय ते समजावे एवढ्याच हेतूने गुरुशिष्य किंवा सहाध्यायी बोलतात तो वाद. जिंकण्यासाठी बोलतात तो जल्प. स्वतःचा पक्ष न मांडता केवळ दुसऱ्याचा मोडतात ती वितंडा. मराठीत आपण ‘वितंडवाद’ हा शब्द कोणत्याही निष्फळ भांडणाला लावतो. शास्त्रात त्याचा अर्थ याहून नेमका आहे, आणि ‘वाद’ या शब्दाला तर आपण त्याच्या मूळ अर्थाच्या अगदी उलट टोकाला नेऊन बसविले आहे. जल्प आणि वितंडा यांना शास्त्राने जागा दिली ती का, याचेही उत्तर सूत्रकाराने दिले आहे. कोवळ्या अंकुराभोवती शेतकरी काटेरी फांद्या लावतो, तसे हे निश्चित झालेल्या तत्त्वाचे रक्षण आहे. कुंपण हे पीक नव्हे. पण कुंपणावाचून पीक राहत नाही. ही उपमा देणाऱ्याला सभांचा पुरता अनुभव असला पाहिजे.

जल्पात चालणाऱ्या युक्त्यांपैकी सर्वांत मनोरंजक म्हणजे छल. एकाने ‘नवकंबल’ म्हटले. त्याच्या मनात नवी कांबळी आहे. दुसरा म्हणतो, या गरिबापाशी नऊ कांबळी कोठून आल्या? हा वाक्छल. एकाने म्हटले, शेतातला माळा ओरडतो आहे. दुसरा म्हणतो, लाकडाचा माळा कसा ओरडेल, ओरडतो तो वरचा राखणदार. हा उपचारछल. यात गंमत अशी की, याच दोन गोष्टी अलंकारशास्त्राच्या अंगणात गेल्या की दोष न राहता भूषणे होतात. शब्दाचे दोन अर्थ करून दिलेले उत्तर मम्मटाच्या ‘काव्यप्रकाशा’त श्लेषवक्रोक्ती म्हणून गौरविले जाते, आणि माळ्याचे ओरडणे हे लक्षणेचे नेहमीचे उदाहरण आहे. एकाच नाण्याला एका पेठेत किंमत आणि दुसऱ्या पेठेत ते खोटे! ‘अनुमान’ हे तर्कात प्रमाण आहे आणि काव्यात अलंकारही आहे. म्हणून दोन्ही शास्त्रे ज्याने पचविली त्यालाच समोरचा बोलतो ती युक्ती की नुसती शोभा, हे चटकन कळे. काशीत असे पंडित निर्माण झाले, आणि त्यांत अग्रगण्य नाव नागेशभट्टांचे.

नागेशभट्ट काळे हे सतराव्या शतकाच्या अखेरचे व अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातील. लोक त्यांना ‘परिभाषेंदुशेखरा’चे कर्ते वैयाकरण म्हणून ओळखतात. परंतु ‘काव्यप्रकाशा’च्या परंपरेवर आणि जगन्नाथपंडितांच्या ‘रसगंगाधरा’वरही त्यांनी टीका लिहिली. या दुसऱ्या टीकेमागे एक इतिहास आहे. भट्टोजी दीक्षितांनी आपले गुरु शेष कृष्ण यांच्या मतांचे खंडन ‘प्रौढमनोरमे’त केले. शेषांच्या घराण्यात शिकलेल्या जगन्नाथपंडितांना हा गुरुद्रोह वाटला, आणि त्यांनी प्रतिखंडन लिहून त्याला असे नाव दिले की ते सभ्य सभेत उच्चारण्यास संकोच वाटावा. पंडितांची लेखणी घसरली म्हणजे कोठवर घसरते याचा तो नमुना आहे. नागेशभट्ट हे भट्टोजींचे नातू हरी दीक्षित यांचे शिष्य, म्हणजे जगन्नाथांच्या प्रतिपक्षातले. तरीही त्यांनी जगन्नाथांचा ग्रंथ पुढे घेऊन त्यावर टीका केली. पटले नाही तेथे खोडले, आणि मोलाचे वाटले ते शिष्यांच्या हाती दिले. वाद या शब्दाचा मूळ अर्थ येथे दिसतो.

छलानंतर जाती चोवीस आणि निग्रहस्थाने बावीस. न्यायसूत्रांचा सबंध पाचवा अध्याय यांनीच भरला आहे. जाती म्हणजे वरवरच्या सारखेपणावरून किंवा भेदावरून दिलेले खोटे उत्तर. घट उत्पन्न होतो म्हणून नश्वर, तसा शब्दही उत्पन्न होतो म्हणून नश्वर, असे एकाने म्हणावे. दुसऱ्याने म्हणावे, आकाश अमूर्त आहे व नित्य आहे, शब्दही अमूर्त, मग तो नित्य का नाही? ऐकणारा क्षणभर गोंधळतो, आणि तेवढ्याने काम भागते. निग्रहस्थान म्हणजे जेथे वक्ता पकडला गेला व हरला असे सभेने मानावे ती जागा. प्रतिज्ञा बदलणे, विषय सोडून भलतेच बोलणे, उत्तर न सुचणे, ही त्यांतील काही. पण विशेष लक्ष द्यावे अशी दोन आहेत. प्रतिपक्ष्याचे म्हणणे तीनदा सांगितले गेले, सभेला ते कळले, तरी ज्याला ते आपल्या तोंडाने पुन्हा मांडता येत नाही तो हरला. आणि तीनदा बोलूनही ज्याचे बोलणे सभेस व प्रतिपक्ष्यास कळत नाही तोही हरला. दुर्बोधपणा हा पांडित्याचा पुरावा नव्हे, पराभवाचा पुरावा आहे, असे या शास्त्राने निःसंदिग्धपणे म्हटले. आधुनिक वक्त्यांना ही दोनच कलमे लावली तर किती सभा लवकर संपतील!

शास्त्राला एक जागा मात्र पकडता येत नाही; ती म्हणजे जो प्रश्न कोणी विचारीतच नाही तो. अमृतरावांच्याच घराण्यात याचे उदाहरण घडले. बुंदेलखंडात चित्रकूटाजवळ कर्वी येथे त्यांचे वंशज राहत. १८५८ मध्ये जनरल व्हिटलॉकच्या फौजेने कर्वी घेतली. नारायणराव व माधवराव यांचा मोठा खजिना सरकारी लुटीत जमा झाला. पुढे ही लूट इंग्रजांच्या कोणत्या पलटणींनी वाटून घ्यावी यावर लंडनच्या ॲडमिरल्टी कोर्टात नामांकित वकिलांची भाषणे झाली आणि १८६६ मध्ये डॉ. लशिंग्टन यांनी विद्वत्ताप्रचुर निर्णय दिला. पूर्वपक्ष होता, उत्तरपक्ष होता, हेतू होते, दृष्टान्त होते. ज्याचा खजिना होता त्याचा पक्ष मात्र या वादात नव्हता.

या काळात काशीत एक निराळी तुलना चालू होती. १७९१ मध्ये जोनाथन डंकनने स्थापिलेल्या संस्कृत पाठशाळेत महाराष्ट्रीय अध्यापकांची मोठी मांदियाळी होती. गणिती बापूदेवशास्त्री परांजपे त्यांतलेच. १८४६ पासून १८६१ पर्यंत तेथे जेम्स बॅलंटाइन हा मुख्य होता. त्याच्या सांगण्यावरून विठ्ठलशास्त्र्यांनी बेकनच्या ‘नोव्हम ऑर्गॅनम’चे संस्कृत विवरण केले, ते १८५२ मध्ये छापले गेले. युरोपीय पंडित तेव्हा असा आक्षेप घेत की, अॅरिस्टॉटलचे अनुमान तीन वाक्यांत संपते, मग नैयायिकांना पाच वाक्ये कशाला? बॅलंटाइनने उलगडा केला तो मार्मिक आहे. स्वतःच्या मनात अनुमान करावयास पाच वाक्ये लागत नाहीत, हे नैयायिकांनाही मान्य आहे. पाच अवयव लागतात ते दुसऱ्यास पटविण्यासाठी. म्हणजे प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन ही विचाराची नव्हे, तर भाषणाची रचना आहे. ग्रीकांनी तर्क आणि वक्तृत्व यांचे दोन निराळे ग्रंथ केले. भारतीयांनी वक्तृत्वाचा सांगाडा तर्काच्या पोटातच बसविला.

उदाहरण घाटावरचेच घ्यावे, कारण ते न्यायभाष्यातही आहे. वरच्या बाजूस पाऊस झाला आहे, ही प्रतिज्ञा. कारण नदी फुगली आहे, हा हेतू. जेव्हा जेव्हा अशी फुगते तेव्हा तेव्हा वर पाऊस झालेला असतो, जसा मागल्या खेपेस, हे उदाहरण. आताही तशीच फुगली आहे, हा उपनय. म्हणून पाऊस झाला आहे, हे निगमन. सूत्रकाराला शंका घेणाराही ठाऊक आहे: खालच्या बाजूस कोणी बांध घातला असेल तरी पाणी चढेल! त्यावर उत्तर असे की, बांधाने चढलेले पाणी संथ असते. पावसाने आलेल्या पाण्याला ओढ असते, त्यावर फेस असतो, त्यातून फळे, पाने, लाकडे वाहत येतात. अमृतराव घाटाच्या पायऱ्यांवर आषाढश्रावणात उभ्या राहिलेल्या कोणासही हे उत्तर पटेल. नुसता हेतू पुरत नाही, हेतू पाहावयाची नजर लागते.

ही सारी शस्त्रे एकदम बाहेर निघाली ती १६ नोव्हेंबर १८६९ रोजी. स्वामी दयानंद सरस्वती मूर्तिपूजेला वेदाधार नाही अशी प्रतिज्ञा घेऊन काशीस आले होते. दुर्गाकुंडाजवळ आनंदबागेत सभा भरली. काशीनरेश ईश्वरीप्रसाद नारायणसिंह अग्रस्थानी होते, आणि हजारो लोक जमले. पंडितांच्या बाजूस स्वामी विशुद्धानंद, ताराचरण तर्करत्न आणि अवघे तीस वर्षांचे बाळशास्त्री रानडे. कोकणातून आलेल्या घराण्यातील हे बाळशास्त्री राजारामशास्त्री कार्लेकरांचे शिष्य. पुढे त्यांनी ‘भामती’चे संपादन केले, आणि शिवकुमारशास्त्री, गंगाधरशास्त्री यांसारखे शिष्य तयार केले. त्या काळी काशीत त्यांच्या तोडीचा शास्त्री विरळा.

आर्यसमाजाच्या बाजूने प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतात चर्चेचा ओघ असा दिसतो. विशुद्धानंदांनी वेदान्तातील एक सूत्र पुढे केले. दयानंद म्हणाले, हा प्रस्तुत विषय नव्हे. सर्व कंठस्थ नसेल तर काशीस आलात कशाला, असा उलट टोला आला. तुम्हांस सर्व कंठस्थ आहे काय? आहे. मग धर्माचे स्वरूप सांगा. येथे बाळशास्त्री पुढे आले, तर त्यांना अधर्माचे लक्षण विचारले गेले. नंतर व्याकरणातील एका अपरिचित संज्ञेचा प्रश्न निघाला. शास्त्राच्या कसोटीने पाहिले तर दोन्ही पक्ष एकेकदा विषयांतराच्या निग्रहस्थानात पडले, असे म्हणावे लागते. मूर्तिपूजा बाजूला राहिली, आणि कोणास काय पाठ आहे याची झडती सुरू झाली. वाद संपून जल्प केव्हा लागला हे सभेस कळलेही नसेल.

शेवट तर अधिकच बोधक आहे. अंधार पडत चालला होता. पंडितांनी हस्तलिखिताची दोन पाने पुढे केली आणि त्यांतील ‘पुराण’ शब्द विशेषण आहे की ग्रंथाचे नाव, असा प्रश्न टाकला. दयानंद दिव्याच्या उजेडात पाने वाचीत असता विशुद्धानंद उठले, सभेने टाळ्या पिटल्या, आणि जय झाल्याचा गजर झाला. न्यायाच्या दृष्टीने उत्तर न सुचणे हा पराभव खरा. पण वाचावयास लागणारा वेळ म्हणजे उत्तर न सुचणे नव्हे. उलट, अनोळखी पाने हाती आल्यावर आधी संदर्भ मागावयाचा, ही सावधगिरी दयानंदांनी दाखविली नाही, हेही खरे. पंडितांनी आपला जय छापला, दयानंदांच्या अनुयायांनी आपला छापला. रुडॉल्फ हर्न्ले हा मिशनरी हजर होता. त्याने १८७० मध्ये आपले टिपण प्रसिद्ध केले, ते दोघांहून काहीसे निराळे. सभेने आधी मान्य केलेला तटस्थ मध्यस्थ व लेखक मात्र कोणी नव्हता. काशीनरेश तर पंडितांचे आश्रयदाते. ज्याच्या दक्षिणेवर विद्या जगते त्याच्यासमोर विद्येचा निर्णय व्हावयाचा, ही अडचण रमण्याच्या काळापासून चालत आलेली होती.

आणि टाळ्या कोणी पिटल्या? वाद संस्कृतात चालला होता. जमलेल्या हजारोंपैकी त्यातले कितीसे लोकांस कळले असेल? ज्या शास्त्राने सभेस न कळणारे बोलणे हा पराभव मानला, त्याच शास्त्राच्या नावाने न कळणाऱ्या सभेने निकाल दिला. तीन शतकांपूर्वी याच नगरीत, १५७३ मध्ये, पैठणच्या एकनाथांनी आपले मराठी भागवत पुरे केले होते, आणि प्राकृतात धर्म का सांगता या आक्षेपाला त्यांना येथील पंडितांसमोर तोंड द्यावे लागले, अशी परंपरा आहे. नाथांच्या ग्रंथात पंचावयवी वाक्य शोधू गेल्यास सापडणार नाही. त्यांची भिस्त दृष्टान्तावर. पण दृष्टान्त हा पाच अवयवांतील मधला, सर्वांत वजनदार अवयव आहे, आणि तोच नेमका निरक्षराच्याही हाती देता येतो.

मार्च १८७० मध्ये पुण्यास शंकराचार्यांपुढे विधवाविवाहाचा शास्त्रार्थ झाला. एका बाजूस विष्णुशास्त्री पंडित, दुसऱ्या बाजूस नारायणाचार्य गजेंद्रगडकर. येथे पंच नेमले होते, दिवसेंदिवस चर्चा झाली, आणि निर्णय पुनर्विवाहाच्या विरुद्ध गेला. व्यवस्थेच्या दृष्टीने ही सभा काशीच्या सभेहून कितीतरी सरस. फळाच्या दृष्टीने बालविधवांच्या पदरात काही पडले नाही. चांगली कार्यपद्धती चांगल्या निर्णयाची हमी देत नाही, हे काही गौतमापासून लपलेले नव्हते.

दयानंद पुढे आणखी काही वेळा काशीस गेले. १८७४ पासून त्यांनी संस्कृतातील भाषणे सोडून हिंदीत बोलावयास आरंभ केला. १८७५ च्या उन्हाळ्यानंतर ते पुण्यास आले, तेव्हा त्यांच्या व्याख्यानांच्या व्यवस्थेत पुढाकार घेतला तो दुसऱ्या एका रानड्यांनी, म्हणजे न्यायमूर्ती महादेव गोविंदांनी. तेथे समोर प्रतिपक्षी नव्हता, मध्यस्थ नव्हता. वक्ता होता आणि श्रोते होते. त्यांतील पंधरा व्याख्यानांचे सारांश त्याच वेळी मराठीत छापले गेले, आणि हिंदी भाषिकांनी ती व्याख्याने पुढे वाचली ती त्या मराठीवरून उलट भाषांतर होऊनच.